फाइलींना हात लावणाऱ्या छोट्या कमांड-लाइन टूलचा कोड रिव्ह्यू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणीतरी पाच-सहाशे ओळींचं एक टूल लिहितं आणि "जरा नजर टाकशील का?" म्हणून तुमच्याकडे पाठवतं. टूल फाइली शोधतं, हलवतं, पुसतं किंवा एकमेकींना जोडतं. अशा वेळी काय बघायचं, हे खालच्या प्रश्नोत्तरांत आहे. बोलायला एक ठोस उदाहरण हवं, म्हणून सगळीकडे एकच टूल डोळ्यांसमोर ठेवलं आहे: डिरेक्टरीत एकसारख्या मजकुराच्या फाइली शोधायच्या आणि जास्तीच्या प्रतींच्या जागी हार्ड लिंक (त्याच मजकुराला दिलेलं आणखी एक नाव) लावून डिस्कवरची जागा वाचवायची. भाषा सी असो, रस्ट असो वा पायथन, प्रश्न बहुतेक तेच राहतात, कारण खाली कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) तोच असतो.

## कोड एवढा छोटा आहे. रिव्ह्यूची खरंच गरज आहे का?

आहे. नुकसान किती होईल हे कोडच्या लांबीवर ठरत नाही. २०११ मध्ये लिनक्सवरच्या बंबलबी या ग्राफिक्स कार्डाशी संबंधित प्रकल्पाच्या स्क्रिप्टमध्ये 'आरएम -आरएफ' या न विचारता सगळं पुसणाऱ्या कमांडपुढच्या पाथमध्ये '/यूएसआर' नंतर एक रिकामी जागा पडली होती. एक पाथ होता, त्याचे दोन झाले आणि लोकांची अख्खी '/यूएसआर' डिरेक्टरी पुसली गेली. जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरच्या स्टीम या गेमच्या प्रोग्रामच्या स्क्रिप्टमधली चूक समोर आली. तिथे पाथ एका व्हेरिएबलमध्ये होता. ते व्हेरिएबल रिकामं राहिलं की 'त्या फोल्डरमधलं सगळं पूस' याचा अर्थ 'मुळापासून सगळं पूस' असा होत होता. दोन्ही चुका एकेका ओळीतल्या. त्या ओळीपाशी थांबून "हे रिकामं असलं तर?" एवढंच विचारणारं माणूस हवं होतं.

वेबसाइट बिघडली तर जुनी आवृत्ती परत चढवता येते. अनलिंक झालेली (नाव पुसलेली) फाइल तशी परत येत नाही. या जातीच्या टूलचा रिव्ह्यू वेगळ्या नजरेनं करायचा तो यासाठी.

## वाचायला सुरुवात कुठून करू?

मेन या सुरुवातीच्या फंक्शनपासून करू नका. तिथे फ्लॅग (कमांडसोबत दिलेले पर्याय) वाचण्याचा कोड असतो, तो वाचून होईपर्यंत निम्मं लक्ष संपतं. आधी मदतीचा मजकूर वाचा, म्हणजे टूल काय करायचं म्हणतं ते कळेल. मग कोडमध्ये डेटा बदलणारे सगळे कॉल शोधा: अनलिंक, रीनेम, लिंक, ट्रंकेट, चमोड, चोन आणि जुना मजकूर कापून उघडणारे ओपन. छोट्या टूलमध्ये हे कॉल बहुधा दहाच्या आत असतात.

प्रत्येक कॉलपाशी दोन प्रश्न विचारा. एक: हीच ती फाइल, हे आपल्याला कशावरून कळलं, आणि ते कळल्यापासून आत्तापर्यंत किती वेळ गेला? दोन: या ओळीनंतर आणि पुढच्या ओळीच्या आधी वीज गेली तर डिस्कवर काय उरेल? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "वापरणाऱ्याची फाइल कुठल्याच नावाखाली नाही" असं येत असेल, तर बाकीचा रिव्ह्यू तिथेच थांबवा आणि आधी ते लिहून कळवा.

## जुनी फाइल अनलिंक करून त्या जागी हार्ड लिंक केली तर बिघडलं काय?

हा पॅटर्न इतक्या वेळा दिसतो की यावर सविस्तर लिहायलाच हवं.

अनलिंक यशस्वी झाला आणि नंतरचा लिंक फसला, तर त्या पाथवर काहीच उरत नाही. लिंक फसायची कारणं खरीखुरी आहेत. दोन्ही पाथ वेगवेगळ्या फाइल सिस्टिमवर असले तर लिंक होत नाही. एका इनोडला (फाइलीची डिस्कवरची मूळ नोंद; नावं तिच्याकडे बोट दाखवतात) किती लिंक असाव्यात याला मर्यादा आहे. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमवर ती ६५,००० आहे. रिकाम्या फाइली सगळ्या एकसारख्याच असतात, त्यामुळे शून्य बाइटच्या फाइली वगळल्या नाहीत तर मोठ्या झाडात ही मर्यादा सहज गाठली जाते.

बरोबर क्रम उलटा आहे. ज्या डिरेक्टरीत जुनी प्रत आहे तिथेच एका तात्पुरत्या नावानं लिंक करायची आणि मग रीनेमनं ते नाव जुन्या नावावर आणायचं. एकाच फाइल सिस्टिममध्ये रीनेम अखंड असतो, म्हणजे बघणाऱ्याला त्या नावाखाली एकतर जुनी फाइल दिसते किंवा नवी. 'फाइलच नाही' असा मधला क्षण येत नाही. लिंकची आणखी एक सोय म्हणजे ते नाव आधीच वापरात असलं तर तो फसतो, दुसऱ्याची फाइल तुडवत नाही.

पण इथेही एक खड्डा आहे, आणि तो अनुभवी लोकांच्याही नजरेतून सुटतो. पॉझिक्सचा (युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीच्या प्रमाणकाचा) नियम असा की रीनेमला दिलेली दोन्ही नावं आधीच एकाच इनोडची असतील, तर रीनेम काहीही न करता यश कळवतो. जुनी प्रत आधीच हार्ड लिंक केलेली असेल (टूल दुसऱ्यांदा चालवलं की हेच होतं), तर तात्पुरतं नाव तसंच पडून राहतं. एरर नाही, इशारा नाही, फक्त डिरेक्टरीत विचित्र नावांची गर्दी. म्हणून डिव्हाइस क्रमांक आणि इनोड क्रमांक ही जोडी आधी ताडून पाहिली आहे का ते बघा. फक्त इनोड क्रमांक पुरत नाही. दोन फाइल सिस्टिमवर तोच क्रमांक असू शकतो.

आणि हार्ड लिंकचा अर्थ लेखकाला पूर्ण उमगला आहे का हेही विचारा. मालक, परवानग्या आणि बदलाची वेळ या गोष्टी इनोडवर असतात, नावावर नाही. एक प्रत ०६०० (फक्त मालकाला वाचता येणारी) आणि दुसरी ०६४४ (सगळ्यांना वाचता येणारी) असेल, तर जोडल्यावर दोन्हींना एकच परवानगी लागू होते. खाजगी ठेवलेली फाइल सगळ्यांना वाचता येऊ लागली, तर जागा वाचवून काय मिळवलं? माझ्या मते मालक आणि परवानग्या जुळत नसतील तर टूलनं मुकाट्यानं जोडू नये.

फाइल सिस्टिम बीटीआरएफएस किंवा एक्सएफएस असेल तर लिनक्सच्या कर्नलला "या दोन भागांचे ब्लॉक एक कर" असं सांगता येतं. कर्नल स्वतः मजकूर ताडून बघतो आणि दोन्ही फाइली वेगळ्याच राहतात. जिथे ते चालतं तिथे हार्ड लिंकपेक्षा तो मार्ग कितीतरी सुरक्षित आहे. लेखकाला हे जरूर सुचवा.

## "आधी तपासतो आणि मगच करतो" यात धोका कसला?

मधल्या वेळेचा. 'ही साधी फाइल आहे' असं स्टॅटनं (फाइलीची माहिती देणाऱ्या कॉलनं) सांगितलं आणि त्यानंतर तुम्ही ती उघडलीत. तेवढ्यात दुसऱ्या कुणी तिथे सिमलिंक (दुसऱ्या पाथकडे बोट दाखवणारी फाइल) ठेवली असू शकते. टूल रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालत असेल तर ही नुसती चूक राहत नाही, सुरक्षेचं भगदाड होतं. जानेवारी २०२२ मध्ये रस्टच्या प्रमाण लायब्ररीतल्या डिरेक्टरी पुसणाऱ्या फंक्शनमध्ये नेमका हाच दोष सापडला आणि १.५८.१ आवृत्तीत दुरुस्त झाला. सुरक्षिततेबद्दल एवढी काळजी घेणाऱ्या भाषेत असं होतं, तर आपल्या टूलमध्ये होणारच नाही असं समजू नये.

उपाय म्हणजे नावावर विसंबायचं नाही, उघडलेल्या डिस्क्रिप्टरवर (उघडलेल्या फाइलीला कर्नलनं दिलेल्या क्रमांकावर) विसंबायचं. आधी ओपन, तोही 'सिमलिंकमागे जाऊ नको' हा फ्लॅग देऊन, मग त्याच डिस्क्रिप्टरवर एफस्टॅट. मात्र तो फ्लॅग पाथच्या फक्त शेवटच्या तुकड्याला लागू होतो. मधली डिरेक्टरी सिमलिंक असेल तर तो वाचवत नाही. म्हणून झाड उतरताना पूर्ण पाथ पुन्हापुन्हा जोडण्याऐवजी प्रत्येक डिरेक्टरी उघडून तिच्यापासून पुढचं नाव शोधणारे ओपनअॅट आणि अनलिंकअॅट वापरावेत. लिनक्स ५.६ पासून ओपनअॅट२ मध्ये 'या डिरेक्टरीच्या खालीच राहा' असंही सांगता येतं.

आपल्या उदाहरणात एक फट पूर्ण बुजत नाही. मजकूर ताडून झाला आणि रीनेम होण्याआधी कुणी फाइल बदलली, तर तो बदल हरवतो. रीनेमच्या अगदी आधी आकार, बदलाची वेळ आणि इनोड पुन्हा पाहिले तर फट लहान होते, नाहीशी होत नाही. "कुणी लिहीत असलेल्या डिरेक्टरीवर हे टूल चालवू नका" असं मदतीच्या मजकुरात स्पष्ट लिहिलेलं असावं. ते नसेल तर मी मंजुरी देत नाही.

## अॅक्सेस हा कॉल वापरून परवानगी तपासली तर?

नको. तो खऱ्या वापरकर्त्याच्या ओळखीनं तपासतो, प्रत्यक्ष कामाच्या ओळखीनं नाही, आणि वर सांगितलेली मधल्या वेळेची अडचण आहेच. सरळ काम करून बघा आणि एरर आली तर ती नीट सांगा.

## फाइलींच्या नावांबद्दल काय बघायचं?

मराठीत नावं देणाऱ्यांना हा भाग जास्त जवळचा वाटेल.

युनिक्सवर फाइलीचं नाव म्हणजे बाइटची रांग. त्यात फक्त दोन बाइट चालत नाहीत: तिरकी रेघ आणि नल. बाकी सगळं चालतं, अगदी नवी ओळसुद्धा. तेव्हा 'एका ओळीत एक नाव' छापणारं टूल दुसऱ्या प्रोग्रामला चुकीची नावं देऊ शकतं. नल बाइटनं वेगळी केलेली यादी देणारा फ्लॅग असायलाच हवा. फाइंड आणि एक्सआर्ग्ज यांच्यात तो फार पूर्वीपासून आहे. नाव '-' नं सुरू होत असेल तर ते फ्लॅग समजलं जातं, म्हणून '--' नंतरचं सगळं नाव मानलं जातं ना, तेही बघा. नावात एस्केप अक्षरं असतील तर ती जशीच्या तशी टर्मिनलवर छापू नयेत.

आता लांबी. लिनक्सवरच्या बहुतेक फाइल सिस्टिममध्ये नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, अक्षरं नव्हे. देवनागरीतला प्रत्येक कोडपॉइंट (युनिकोडनं क्रमांक दिलेलं एकेक चिन्ह) यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतो, म्हणजे जास्तीत जास्त ८५ कोडपॉइंट. 'दुरुस्ती' हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरी दिसतो, पण त्यात आठ कोडपॉइंट आणि २४ बाइट आहेत. मूळ नावाला शेपूट जोडून तात्पुरतं नाव बनवणारं टूल इंग्रजी नावांवर वर्षानुवर्षं चालतं आणि एखाद्या लांब मराठी नावावर 'नाव फार लांब' म्हणून अडतं. लेखकानं त्यावर नाव कापायचा उपाय काढला असेल तर आणखी वाईट, कारण अक्षराच्या मधोमध काप बसतो. तात्पुरतं नाव मूळ नावावरून बनवूच नये. छोटं, स्वतंत्र आणि यादृच्छिक असावं.

दिसायला सारखी पण बाइटनं वेगळी नावं हा आणखी खोल मुद्दा. 'सुऱ्या' मधला ऱ एकाच कोडपॉइंटनं लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता असाही. युनिकोडच्या हिशेबात ही दोन रूपं समतुल्य आहेत. तिसरं रूप म्हणजे र, हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक. पडद्यावर तेही तसंच दिसतं, पण ते समतुल्य धरलं जात नाही. लिनक्सवरच्या नेहमीच्या फाइल सिस्टिम दिलेले बाइट तसेच ठेवतात, त्यामुळे एकाच डिरेक्टरीत दिसायला हुबेहूब अशा तीन 'सुऱ्या' सुखानं नांदू शकतात. मॅकची जुनी एचएफएस प्लस मात्र नावं विघटित रूपात साठवत असे. म्हणजे ज्या नावानं फाइल बनवली, ते नाव यादीत वेगळ्या बाइटमध्ये परत यायचं.

माझा निष्कर्ष असा: टूलनं नावं 'सुधारू' नयेत. जे बाइट मिळाले तेच परत कर्नलला द्यावेत आणि रूपांतर फक्त दाखवण्यापुरतं करावं. रस्टमध्ये पाथचं साध्या स्ट्रिंगमध्ये रूपांतर करून पुढे अनरॅप केलेलं दिसलं, तर लगेच कमेंट टाका. यूटीएफ-८ मध्ये न बसणारं एकच नाव ते टूल बंद पाडेल.

## सिमलिंक, पाइप वगैरे फाइलींचं काय?

झाड फिरताना एलस्टॅट (सिमलिंकमागे न जाणारा स्टॅट) हवा, स्टॅट नको. नाहीतर सिमलिंकमागे जाऊन टूल दिलेल्या डिरेक्टरीबाहेर पोचतं किंवा गोल फिरत राहतं. साधी फाइल नसेल तर उघडूच नये. नेमड पाइप (दोन प्रोग्रामना जोडणारी नळीसारखी फाइल) वाचायला उघडली आणि पलीकडे लिहिणारं कुणी नसेल, तर ओपन तिथेच अडकून बसतो आणि वापरणाऱ्याला वाटतं टूल मोठी फाइल वाचतंय. डिरेक्टरीच्या नोंदीबरोबर मिळणारा प्रकार काही फाइल सिस्टिम 'माहीत नाही' असाच देतात. त्या वेळी एलस्टॅट करणारी शाखा कोडमध्ये आहे का ते पाहा.

## एरर कुठे हमखास सुटतात?

राइट आणि क्लोज इथे. राइट मागितल्यापेक्षा कमी बाइट लिहून परतू शकतो आणि ती एरर नसते. लिनक्सवर तर एका कॉलमध्ये २,१४,७४,७९,५५२ बाइटपेक्षा जास्त जातच नाहीत. लूप नसेल तर फाइल अर्धवट राहते. क्लोजचं उत्तर बहुतेक जण टाकून देतात, पण नेटवर्कवरच्या फाइल सिस्टिममध्ये कोटा संपल्याची बातमी क्लोजलाच मिळू शकते. लिनक्सवर क्लोज एरर देऊन परतला तरी तो पुन्हा करायचा नाही, कारण डिस्क्रिप्टर आधीच सुटलेला असतो आणि तोच क्रमांक एव्हाना दुसऱ्या थ्रेडला मिळालेला असू शकतो.

डिरेक्टरीतल्या नोंदी वाचणाऱ्या रीडडिरचा फास बारीक आहे. यादी संपली तरी नल आणि एरर आली तरी नलच. फरक कळायला कॉलच्या आधी एररनो (शेवटच्या एररचा क्रमांक) शून्य करावा लागतो. तसं केलं नसेल तर अर्धी डिरेक्टरी वाचून टूल "सगळं झालं" म्हणतं.

## प्रत्येक ठिकाणी एफसिंक (मजकूर डिस्कवर पोचवायला लावणारा कॉल) मागावा का?

नाही. आपलं टूल लिंक करतं तेव्हा नवा मजकूर लिहितच नाही, मग प्रत्येक फाइलीला एफसिंक म्हणजे फुकटचा वेळ. पण हॅशची (मजकुरावरून काढलेल्या छोट्या ठशांची) जंत्री ते फाइलीत साठवत असेल, तर क्रम ठरलेला आहे: तात्पुरत्या फाइलीत लिहा, एफसिंक करा, रीनेम करा, मग डिरेक्टरीवरही एफसिंक करा. मॅकवर साधा एफसिंक डिस्कच्या आतल्या कॅशपलीकडे जाण्याची हमी देत नाही. तिथे एफसीएनटीएलमधून वेगळी विनंती करावी लागते.

एफसिंक फसला म्हणून लूपमध्ये पुन्हा करणारा कोड दिसला तर अडवा. २०१८ मध्ये पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसच्या मंडळींना कळून चुकलं की लिनक्सवर फसलेल्या एफसिंकनंतर न लिहिलेली पानं 'स्वच्छ' म्हणून नोंदली जात होती आणि दुसरा एफसिंक यश कळवत होता, डेटा डिस्कवर नसताना. फसला तर काम थांबवून तसं सांगणं हाच प्रामाणिक मार्ग.

## हॅश जुळला म्हणजे फाइली सारख्याच ना?

पुसण्याआधी किंवा बदलण्याआधी बाइट-बाइट ताडून पाहा, असंच मी दर वेळी सांगतो. एमडी५ या हॅशमधल्या टकरी (वेगळ्या मजकुरांचा एकच हॅश) २००४ पासून आणि एसएचए-१ मधली २०१७ पासून जगजाहीर आहे. कुणी मुद्दाम बनवलेल्या दोन फाइली टूलला फसवू शकतात. एसएचए-२५६ घेतलं तर हा धोका व्यवहारात उरत नाही, तरी ताडणी ठेवावी. ती हॅशच्या कोडमधल्या साध्या चुकांपासूनही वाचवते. उदाहरणार्थ, वाचताना एरर आली आणि हॅश रिकाम्या मजकुराचा निघाला. अशा दोन फाइली 'सारख्या' ठरल्या तर काय होईल, याची कल्पना करून बघा.

## ड्राय रन (काहीही न बदलता काय झालं असतं ते दाखवणं) आहे, तेवढा पुरे का?

तो कसा लिहिलाय यावर आहे. ड्राय रनसाठी वेगळी शाखा असेल तर ती काही महिन्यांत खऱ्या वाटेपासून दूर जाते आणि मग दाखवते एक, होतं दुसरं. निर्णय घेणारा कोड एकच असावा आणि फक्त शेवटचा कॉल फ्लॅगनुसार व्हावा किंवा न व्हावा. विध्वंसक टूलमध्ये ड्राय रन हीच मूळ वागणूक असावी आणि खरं काम करायला फ्लॅग लागावा, असं मला ठामपणे वाटतं.

## मेसेज आणि एक्झिट कोड (संपताना टूलनं दिलेला आकडा)?

निकाल स्टँडर्ड आउटपुटवर, तक्रारी स्टँडर्ड एररवर. तक्रारीत पाथ, कुठला कॉल आणि सिस्टिमनं दिलेलं कारण, तिन्ही हवेत. एकही फाइल राहिली तर कोड शून्य नको. 'काही सापडलं नाही' आणि 'बिघाड झाला' यांना वेगळे कोड असावेत, जसे मजकूर शोधणाऱ्या ग्रेपमध्ये १ आणि २ आहेत.

## नुसतं वाचू की चालवूनही बघू?

चालवून बघाच, आणि बिघाड मुद्दाम घडवून. आउटपुट '/डेव्ह/फुल' कडे वळवा. तिथे प्रत्येक राइट 'जागा नाही' म्हणतो. तरीही टूल शून्य कोडनं संपलं तर एक दोष तिथेच सापडला. काही एमबीची टीएमपीएफएस (मेमरीतली फाइल सिस्टिम) बनवून भरून टाका. प्रोग्रामचे कर्नलला केलेले कॉल दाखवणाऱ्या एसट्रेसला ठरावीक कॉल मुद्दाम फसवायला सांगता येतं; तिसरा लिंक किंवा पाचवा रीनेम फसवा आणि डिरेक्टरीत काय उरलं ते पाहा. टूल लागोपाठ दोनदा चालवा. दुसऱ्या वेळी काहीही बदलता कामा नये. वर सांगितलेला रीनेमचा खड्डा या एका चाचणीत उघडा पडतो.

एक सावधगिरी: परवानगी नसल्याच्या चाचण्या रूट म्हणून चालवल्या तर काहीच सिद्ध होत नाही, कारण रूटला परवानग्या अडवत नाहीत. कंटेनरमध्ये बहुतेक वेळा आपण रूटच असतो.

## मोकळ्या जागा, नावांची शैली?

फॉरमॅटरवर सोडा.

## कमेंट कशी लिहावी?

दोष कुठल्या परिस्थितीत घडतो ते लिहा. "हे असुरक्षित आहे" यातून लेखकाला काही करता येत नाही. "इथे अनलिंक झाल्यावर लिंक फसला, उदाहरणार्थ प्रत दुसऱ्या माउंटवर असेल, तर फाइल जाते, तात्पुरत्या नावावर लिंक करून रीनेम कराल का?" असं लिहिलं की वाद उरत नाही. मर्ज अडवणारे मुद्दे आणि निव्वळ सूचना वेगळ्या करून सांगा. डेटा जाण्याचा मुद्दा बाकीच्या वीस किरकोळ कमेंटच्या गर्दीत हरवला, तर ती रिव्ह्यू करणाऱ्याची चूक आहे.

## मला सी नीट येत नाही. तरी रिव्ह्यू करू का?

करा, आणि जे कळलं नाही ते तसंच विचारा. "हा कॉल फसला तर पुढे काय?" हे विचारायला पॉइंटर यावे लागत नाहीत. मेमरीबद्दलचा भाग आपण पाहिलेला नाही हे मात्र मंजुरीच्या शेऱ्यात लिहा, म्हणजे तेवढ्यापुरतं दुसऱ्या कुणाला बोलावता येईल.

## मंजुरी कधी द्यावी?

डेटा बदलणाऱ्या प्रत्येक कॉलपाशी मघाच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं तुम्ही लेखकाला न विचारता देऊ शकलात, आणि फसवलेल्या कॉलनंतरही तुमच्या चाचणीच्या डिरेक्टरीत प्रत्येक मूळ मजकूर कुठल्यातरी नावाखाली सापडला, तेव्हा. नंतर स्वतःच्या खऱ्या फाइलींच्या एका प्रतीवर टूल चालवा, आधी घेतलेल्या एसएचए-२५६ च्या यादीशी ताडून बघा आणि ती यादी मंजुरीच्या शेऱ्याला जोडा.